सहा-सात वर्षांच्या मुलासाठी हॉकीचा वर्ग निवडताना

मार्चअखेर शाळांच्या परीक्षा आटोपत आल्या की पुण्यात घरोघरी एकच विषय निघतो, तो म्हणजे सुट्टीत मुलांना कुठे घालायचे. क्रिकेट, पोहणे, स्केटिंग आणि बुद्धिबळ यांची शिबिरे अगदी सोसायटीच्या दारापर्यंत येऊन पोहोचतात. हॉकीचे मात्र तसे होत नाही, ती शोधावी लागते. आपल्या शहरात हा खेळ लष्करी छावण्यांच्या आसऱ्याने रुजला, त्यामुळे खडकी, कॅम्प आणि पुढे पिंपरी या पट्ट्यात तो आजही जिवंत आहे, तर कोथरूड किंवा सिंहगड रस्त्याच्या भागात राहणाऱ्या पालकांना जवळपास हॉकीचे मैदान आहे की नाही येथूनच सुरुवात करावी लागते. हा लेख अशा पालकांसाठी आहे, ज्यांनी स्वतः कधी हॉकीची स्टिक हातात धरलेली नाही, पण ज्यांच्या मुलाला किंवा मुलीला या खेळाची ओढ वाटू लागली आहे.

माझी मुलगी सात वर्षांची असताना मी पहिला वर्ग निवडला तो फलक पाहून. मोठे नाव, चषकांची छायाचित्रे, राज्य पातळीवर खेळलेल्या विद्यार्थ्यांची यादी, हिरवेगार टर्फ म्हणजे कृत्रिम गवताचे मैदान हे सारे तेथे होते. तीन महिन्यांनी माझ्या लक्षात आले की माझी मुलगी बहुतांश वेळ मैदानाच्या कडेला उभी राहून मोठ्या मुलांचे बाहेर गेलेले चेंडू आणून देत होती. तिने तक्रार केली नव्हती, कारण हॉकी शिकणे म्हणजे हेच असते अशी तिची समजूत झाली होती. त्यानंतर मी अनेक मैदानांच्या कडेला उभे राहून वर्ग पाहिले. त्यातून माझे एक मत पक्के झाले आहे, आणि पुढील सर्व पायऱ्या त्याच मतावर उभ्या आहेत: लहान मुलांचा वर्ग पारखायचा असेल, तर त्यातल्या सर्वांत चांगल्या खेळाडूकडे न पाहता सर्वांत मागे पडलेल्या मुलाकडे पाहावे. त्या मुलाला किती वेळा चेंडू मिळतो, त्याच्याशी कोण बोलते आणि तो घरी जाताना कसा दिसतो, यावरून वर्गाची खरी ओळख पटते.

पहिली पायरी : मूल तयार आहे का, हे पाहावे

हॉकी हा लहान शरीराला थोडा अवघड जाणारा खेळ आहे. गुडघे वाकवून, कमरेत झुकून, दोन्ही हातांनी स्टिक धरून, नजर चेंडूवर ठेवून आणि तरीही अधूनमधून मान वर करून पळायचे असते. पाच वर्षांच्या मुलाला हे सारे एकदम जमत नाही, आणि ते न जमण्यात काहीही बिघडलेले नाही. सहा वर्षांच्या आतील मुलासाठी धावणे, उड्या मारणे, फेकणे, झेलणे आणि तोल सांभाळणे याच गोष्टी महत्त्वाच्या असतात. आपल्या लंगडीत आणि खो-खोत खाली झुकून अचानक दिशा बदलण्याची जी सवय लागते, ती पुढे हॉकीत थेट उपयोगी पडते. त्यामुळे सोसायटीच्या आवारात संध्याकाळी मूल लंगडी खेळत असेल, तर त्याची हॉकीची तयारी सुरूच आहे असे समजण्यास हरकत नाही. साधारण सहा-सात वर्षांनंतर, मूल दोन-तीन सूचना लक्षात ठेवून पाळू लागले आणि अर्धा-पाऊण तास आईवडिलांशिवाय रमू लागले, की नियमित वर्गाचा विचार करावा.

डावखुऱ्या मुलांच्या पालकांचा प्रश्न येथेच सोडवतो, कारण तो हमखास विचारला जातो. हॉकीत स्टिकच्या केवळ सपाट बाजूनेच चेंडू खेळता येतो, आणि सर्व स्टिका उजव्या धाटणीच्याच असतात. डावखुऱ्यांसाठी वेगळी स्टिक नियमात बसत नाही. हे ऐकून पालक खट्टू होतात, पण त्यांनी तसे होऊ नये. स्टिकच्या वरच्या टोकाला डावा हात असतो आणि चेंडू उजवीकडे-डावीकडे फिरवताना स्टिक वळवण्याचे काम मुख्यतः तोच हात करतो. उजवा हात खाली आधाराला असतो. डावखुऱ्या मुलाचा सराईत हात म्हणूनच वाया जात नाही. प्रशिक्षकाला पहिल्याच दिवशी याची कल्पना द्यावी, म्हणजे मुलाला कोणी 'उलटा धरतोस' म्हणून टोकणार नाही.

दुसरी पायरी : मैदान किती दूर आहे

हा मुद्दा कोरडा वाटतो, पण वर्ग सुटण्यामागे हेच कारण वारंवार दिसते. पिंपरीत नेहरूनगर येथे मेजर ध्यानचंद यांच्या नावाचे हॉकी स्टेडियम आहे, जेथे डिसेंबर २०२१ मध्ये पुरुषांची वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धा झाली. बालेवाडीत श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल आहे. खडकी आणि कॅम्प परिसरात जुन्या संघांची मैदाने आहेत. काही शाळांनी आपापल्या मैदानांवर हॉकी टिकवून ठेवली आहे. यांपैकी कोणते मैदान अधिक नावाजलेले आहे याला सात वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने फारसे महत्त्व नाही. संध्याकाळी पाच वाजता शाळेच्या बसमधून उतरलेले, भुकेले, दप्तर टाकून पुन्हा दुचाकीवर बसलेले मूल गर्दीतून तासभर प्रवास करून मैदानावर पोहोचले, तर ते खेळण्यापूर्वीच थकलेले असते.

माझा हिशेब असा आहे की एका बाजूचा प्रवास अर्ध्या तासाहून अधिक नसावा, आणि तो गूगलने सांगितलेला वेळ न धरता, पालकांनी प्रत्यक्ष त्याच वारी, त्याच वेळी जाऊन मोजलेला असावा. पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट मेट्रो मार्गामुळे काही कुटुंबांची सोय झाली आहे, तरी स्थानकापासून मैदानापर्यंतचे अंतर लहान पायांनी चालण्याजोगे आहे का, हेही पाहून घ्यावे. जवळचा साधा वर्ग आणि लांबचा नावाजलेला वर्ग यांत निवड करायची वेळ आली, तर या वयात मी जवळचा वर्ग निवडतो.

तिसरी पायरी : मुलाला न नेता वर्ग पाहून यावा

सर्वांत जास्त वेळ या पायरीला द्यावा. वर्गाच्या जाहिरातीतल्या 'डेमो'च्या दिवशी जाऊ नये, कारण त्या दिवशी सगळेच नीटनेटके असते. एखाद्या साध्या मंगळवारी किंवा गुरुवारी जावे, कडेला उभे राहावे आणि पूर्ण तास पाहावा. शक्य असल्यास आठवड्याने पुन्हा एकदा जावे. पालकांना सराव पाहू देत नाहीत असे सांगणारा वर्ग असेल, तर पुढील चौकशी करण्याचे कारण उरत नाही.

पाहायचे काय? प्रथम रांगा पाहाव्यात. समजा, तीस मुलांच्या दोन रांगा केल्या आहेत आणि प्रत्येक रांगेत पंधरा मुले आहेत. एका मुलाने जमिनीवर मांडलेल्या प्लास्टिकच्या शंकूंमधून चेंडू नेऊन परत यायला वीस सेकंद लागतात. म्हणजे आपली पाळी पुन्हा येण्यास पाच मिनिटे लागणार, तासाभरात फार तर बारा पाळ्या मिळणार आणि प्रत्यक्ष चेंडूबरोबरचा वेळ भरणार तो अवघा चार मिनिटे. उरलेली छप्पन्न मिनिटे मूल उभे आहे, पुढच्याला ढकलते आहे किंवा माती उकरते आहे. मग प्रशिक्षक त्याला बेशिस्त म्हणतो, आणि घरी येऊन आपणही त्याला तेच म्हणतो. याउलट, ज्या वर्गात प्रत्येक मुलाला किंवा निदान दोघांत एक चेंडू मिळतो आणि ठरलेल्या चौकोनात सगळे एकाच वेळी हलत असतात, तेथे शिस्तीचा प्रश्न बहुधा उद्भवतच नाही. चेंडू कमी पडत असतील तर टेनिसचे चेंडू आणणारे प्रशिक्षक मी पाहिले आहेत, आणि लहानांसाठी ते चेंडू उत्तम चालतात. म्हणूनच वर्गात गेल्यावर मुलांच्या संख्येबरोबर चेंडूंची संख्याही मोजावी.

दुसरी गोष्ट म्हणजे सामना कसा खेळवतात. हॉकीचे पूर्ण मैदान ९१.४ मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद असते, आणि त्यावर प्रत्येक बाजूने अकरा जण खेळतात. एवढ्या पसाऱ्यात सात वर्षांच्या मुलांना उतरवले, की चेंडूभोवती सात-आठ चपळ मुलांचा घोळका होतो आणि उरलेली मुले लांबून पाहत राहतात. लहान मुलांना मैदानाच्या एका तुकड्यावर, चार-चार किंवा पाच-पाच जणांच्या संघात खेळवले पाहिजे. हा काही मुलांसाठी काढलेला तात्पुरता उपाय नाही. पाच-पाच जणांच्या हॉकीला आंतरराष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र प्रकार म्हणून मान्यता आहे, आणि २०१४ च्या नानजिंग युवा ऑलिंपिकमध्ये हॉकी याच स्वरूपात खेळवली गेली होती. 'आमच्याकडे पहिल्या दिवसापासून पूर्ण मैदानावर सराव होतो' हे वाक्य अभिमानाने सांगणाऱ्या वर्गाबाबत मी सावध होतो.

तिसरी गोष्ट म्हणजे आवाज. मैदानावर मोठ्याने बोलावे लागते, आणि त्यात गैर काहीच नाही. मुलाची चूक झाल्यावर काय म्हटले जाते ते मात्र कान देऊन ऐकावे. 'डोके वापर जरा' असे म्हणणारा प्रशिक्षक त्या मुलाला काहीच शिकवत नाही, तर 'डावा हात वर सरकव, आता पुन्हा मार' असे म्हणणारा शिकवतो. मुलाशी बोलताना तो खाली वाकतो का, त्याला मुलांची नावे ठाऊक आहेत का, हेही पाहावे. चूक झाली म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावण्याची जुनी पद्धत अजून पुष्कळ ठिकाणी दिसते. ती मला मनापासून अमान्य आहे, कारण धावणे हा ज्या खेळाचा आत्मा आहे, त्याच खेळात धावणे ही शिक्षा ठरवली, तर मुलाला धावण्याचा कंटाळा आपणच लावतो.

आणि मग त्या मागे पडलेल्या मुलाला शोधावे. प्रत्येक वर्गात ते असतेच: स्टिक जड झालेले, चेंडू सतत पायांत अडकणारे, एखादे स्थूल किंवा बुजरे मूल. दहा मिनिटे केवळ त्याच्याकडे पाहावे. प्रशिक्षक त्याच्याजवळ एकदा तरी गेला का? संघ पाडताना शेवटी उरणारे मूल दर वेळी तेच आहे का? संघ मुलांनाच निवडू दिले जात असतील, तर उत्तर बहुधा 'होय' असे असते. जाणता प्रशिक्षक स्वतः संघ पाडतो. आपले मूल आज चपळ असेल, तरी उंची अचानक वाढण्याच्या वर्षी किंवा आजारपणानंतर तेही काही काळ मागे पडेल, आणि तेव्हा त्याला कशी वागणूक मिळेल हे आपण आजच पाहून घेतलेले असते.

चौथी पायरी : प्रशिक्षकांशी बोलावे

सराव संपल्यावर, मुले पांगल्यानंतर, शांतपणे बोलण्याची वेळ मागावी. लहान गटाला प्रत्यक्ष कोण शिकवते, हे पहिल्यांदा विचारावे. फलकावर नाव एका ज्येष्ठ प्रशिक्षकाचे असते आणि लहान मुलांसमोर महाविद्यालयात शिकणारा एखादा खेळाडू उभा असतो, असे बऱ्याच ठिकाणी घडते. तो तरुण मुलांमध्ये रमणारा असेल आणि ज्येष्ठ सर किंवा मॅडम मैदानावर हजर असतील, तर त्यात वाईट काही नाही. उलट मुलांना दादा किंवा ताई अधिक आवडतात. मात्र ज्येष्ठांचे नाव केवळ फलकापुरते असेल, तर ते आधी कळलेले बरे. पतियाळा येथील राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका किंवा हॉकी इंडियाचा प्रशिक्षक अभ्यासक्रम केलेला असल्यास प्रशिक्षणाचा पाया पक्का आहे असे म्हणता येते, तरी लहान मुलांना शिकवणे ही निराळी कला आहे, आणि ती तिसऱ्या पायरीत प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कळत नाही.

एका प्रशिक्षकामागे लहान मुले किती, हे विचारावे. माझ्या मते दहा-बारांच्या पुढे संख्या गेली की लक्ष पुरत नाही. स्पर्धेला संघ नेताना सर्वांना खेळायला मिळते का, की काही मुले केवळ पाणी देण्यासाठी जातात, हेही विचारावे. एखाद्या दिवशी मुलाने खेळायला नकार दिला तर काय करता, या प्रश्नाच्या उत्तरातून माणूस फार लवकर कळतो.

'आमची एवढी मुले राज्यासाठी खेळली' असे उत्तर मिळाले, तर मनापासून कौतुक करावे आणि पुढचा प्रश्न विचारावा: सातव्या वर्षी आलेल्या मुलांपैकी दहाव्या वर्षी किती जण अजून येतात? हा आकडा बहुतेक वर्गांनी कधी मोजलेला नसतो. पण एखादे प्रशिक्षक थांबून, बोटांवर मोजत, नावे घेत उत्तर देऊ लागले, तर त्या वर्गात आपले मूल निर्धास्तपणे पाठवावे.

पाचवी पायरी : मैदान आणि सुरक्षितता

टर्फचा आग्रह लहान वयात धरू नये. मॉन्ट्रियलच्या १९७६ च्या ऑलिंपिकपासून मोठ्या स्पर्धांची हॉकी कृत्रिम मैदानावर गेली, त्यामुळे पुढे गंभीरपणे खेळायचे तर टर्फची सवय लागते. परंतु सात वर्षांच्या मुलाला चेंडू थांबवणे आणि ढकलणे मुरमाच्या किंवा गवताच्या सपाट मैदानावरही उत्तम शिकता येते. १९६८ मध्ये खडकीत जन्मलेले धनराज पिल्ले दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत मोडक्या स्टिका आणि टाकून दिलेले चेंडू घेऊन खेळायला लागले, आणि पुढे १९९२ ते २००४ या काळात चार ऑलिंपिक खेळले. मैदान साधे असले तरी चालते. ते धोकादायक मात्र नसावे. मुरमाचे मैदान असेल तर त्यावर दगड वेचलेले आहेत का, खड्डे बुजवलेले आहेत का, हे चालत जाऊन पाहावे, कारण खडबडीत जमिनीवर चेंडू अचानक उसळतो.

नियमातला हॉकीचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅम वजनाचा आणि टणक असतो. लहान गटात तो वापरू नये. हलका किंवा मऊ चेंडू असावा. नडगीवर शिन गार्ड आणि दातांसाठी माउथ गार्ड या दोन गोष्टी पहिल्या दिवसापासून असाव्यात, आणि कोणाकडे नसतील तर प्रशिक्षकाने त्या मुलाला तेवढ्यापुरते बाजूला घेतले पाहिजे. हॉकीत लहान मुलांना होणाऱ्या इजा पुष्कळदा चेंडूने न होता शेजारच्या मुलाच्या उगारलेल्या स्टिकने होतात. म्हणून फटका मारण्याचा सराव चालू असताना मुलांमध्ये पुरेसे अंतर राखले जाते का, आणि शिटी वाजल्यावर सर्वांच्या स्टिका खाली जातात का, हे पाहावे. डोक्याला मार लागला तर मूल 'ठीक आहे' म्हणाले तरी त्या दिवशी त्याला पुन्हा खेळवू नये आणि डॉक्टरांना दाखवावे. वर्गाची पद्धत याहून वेगळी असेल, तर तेथे मुलाला पाठवू नये. प्रथमोपचाराची पेटी दाखवा म्हणण्यात संकोच बाळगू नये.

पिण्याचे पाणी, सावली आणि वापरता येण्याजोगे स्वच्छतागृह या गोष्टी चौकशीत मागे राहतात. स्वच्छतागृह नसल्यामुळे तास-दीड तास पाणी न पिता खेळणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. पुण्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात हे थेट प्रकृतीवर बेतू शकते. उन्हाळ्यात सराव सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावरच असावा; दुपारी चारचा वर्ग निवडू नये. मुलींच्या पालकांना आणखी एक सांगावेसे वाटते. दहाव्या वर्षापर्यंत मुले-मुली एकत्र खेळण्यात काहीही अडचण नाही, आणि 'हा मुलांचा खेळ' असे कोणी म्हणाले, तर पुण्यात जन्मलेल्या एलिझा नेल्सन यांचे नाव सांगावे. महिला हॉकीचा ऑलिंपिकमध्ये प्रथम समावेश झाला त्या १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये त्या भारतीय संघात होत्या, आणि १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने सुवर्णपदक जिंकले.

मुलांच्या लैंगिक सुरक्षिततेविषयी बोलताना आपण अजूनही अडखळतो. वर्ग निवडताना मात्र अडखळू नये. सराव सर्वांना दिसेल अशा जागी व्हावा. मूल कोणत्याही मोठ्या माणसाबरोबर बंद खोलीत किंवा गाडीत एकटे असण्याचा प्रसंग येऊ नये. निरोप पालकांच्या गटावर यावेत, मुलाला स्वतंत्रपणे नव्हे. बाहेरगावच्या स्पर्धेला एक तरी पालक, आणि मुली असतील तर एक तरी महिला, सोबत असावी. 'पोक्सो' हा २०१२ चा कायदा मुलगा आणि मुलगी दोघांनाही संरक्षण देतो, आणि १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक मुलालाही पाठ असावा. या गोष्टी विचारल्यावर चांगल्या प्रशिक्षकाला राग येत नाही. त्याच्याकडे बहुधा त्यांची उत्तरे तयार असतात.

सहावी पायरी : शुल्क आणि साहित्य

शुल्क महिन्याने भरता येते का ते पाहावे. वर्षाचे पैसे एकदम भरल्यास सवलत मिळत असली, तरी नवख्या पालकांनी तो मोह टाळावा. शुल्कात स्टिक, गोलरक्षकाचे साहित्य, गणवेश आणि स्पर्धांचा प्रवास यांतले काय येते, हे लिहून घ्यावे.

पहिल्या महिन्यात स्टिक विकत घेऊ नये, वर्गातली वापरावी. घ्यायची झाली तर सरळ उभ्या मुलाशेजारी स्टिक उभी धरल्यावर तिचे टोक साधारण कमरेच्या हाडापर्यंत यावे. येथे आपली एक जुनी सवय आड येते. शाळेचा गणवेश आणि बूट आपण वाढत्या मापाचे घेतो, तशीच स्टिकही 'दोन वर्षे चालेल' म्हणून मोठी घेतली जाते. मोठी आणि जड स्टिक घेतलेले मूल ताठ उभे राहून खेळायला शिकते, हात चुकीच्या जागी ठेवते, आणि ती सवय मोडायला नंतर वर्ष जाते. साधी, हलकी, लाकडी स्टिक पुरेशी असते. जालंधर आणि मेरठ येथे तयार होणाऱ्या अशा स्टिका आपल्याकडे सहज मिळतात. महागड्या कार्बन मिश्रणाच्या स्टिकेची या वयात गरज नाही. मोठी झालेली मुले आपल्या जुन्या स्टिका देऊन टाकतात, त्यामुळे वर्गातल्या इतर पालकांना विचारण्यात संकोच करू नये.

सातवी पायरी : एक महिना पाहावे, मग ठरवावे

प्रवेश घेतल्यावर पहिला महिना परीक्षेचा मानावा, मात्र परीक्षा वर्गाची, मुलाची नव्हे. घरी परतताना 'किती गोल केलेस?' असे विचारू नये. 'आज कोणाबरोबर खेळलास?' किंवा 'नवीन काय करून पाहिलेस?' असे विचारले तर मूल बोलते. वर्गाच्या दिवशीच पोट दुखत असेल, तर ते खरोखर दुखत असते, आणि त्यामागचे कारण मैदानावर शोधावे लागते. उलट, घरी आल्यावर मूल पॅसेजमध्ये प्लास्टिकचा चेंडू ढकलत बसले, खालच्या मजल्यावरून तक्रार येऊ लागली, की वर्ग बरा आहे असे समजावे.

आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस या वयात पुरेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दररोज सरासरी ६० मिनिटे दमवणारी हालचाल हवी असते, पण ती सारी एकाच खेळातून यायला हवी असे नाही. क्रीडावैद्यकात रूढ असलेला एक सोपा नियम असा आहे की मुलाचे वय जितकी वर्षे, त्याहून अधिक तास आठवड्यात शिकवणीचा खेळ नसावा. सात वर्षांच्या मुलाला सहाही दिवस सकाळ-संध्याकाळ बोलावणारा वर्ग हा नियम पहिल्याच आठवड्यात मोडतो. टिळक तलावावर पोहणे किंवा तळजाईची टेकडी चढणे चालू राहिले, तर हॉकीचे नुकसान होत नाही, फायदाच होतो.

याच काळात काही पालक पुढचे विचारू लागतात: शालेय स्पर्धा, राज्य शासनाची निवासी क्रीडा प्रबोधिनी, दहावीचे क्रीडागुण. शालेय स्पर्धांचा सर्वांत लहान गट १४ वर्षांखालील असतो, क्रीडा प्रबोधिनीत निवड चाचण्यांतून प्रवेश मिळतो, आणि या साऱ्याला पुष्कळ अवकाश आहे. सातव्या वर्षी या कारणांसाठी वर्ग निवडू नये. एक इशारा मात्र आत्ताच द्यायला हवा. वयोगटाचा लाभ मिळावा म्हणून जन्मतारखेत फेरफार सुचवणारी माणसे खेळाच्या क्षेत्रात भेटतात. कोणी तसे हलक्या आवाजात सुचवले, तर त्या दिवशीच वर्ग सोडावा. मुलासमोर त्याच्याच वयाविषयी खोटे बोलून त्याला कोणताही खेळ शिकवता येत नाही.

वर्ग सोडायचा असेल तर नीट सोडावा. प्रशिक्षकांना भेटून कारण सांगावे, वर्गाचे साहित्य परत करावे आणि मुलाला मित्रांचा निरोप घेऊ द्यावा. हॉकीचे वर्तुळ पुण्यात लहान आहे. तीच माणसे दुसऱ्या मैदानावर पुन्हा भेटतात. आणि एप्रिलमध्ये प्रवेश घेणाऱ्यांनी आणखी एक प्रश्न आवर्जून विचारावा, जो शिबिराच्या उत्साहात हमखास राहून जातो: जून ते सप्टेंबर, मैदानात चिखल असताना, वर्ग कुठे भरतो? 'पावसात बंद असतो' असे उत्तर मिळाले, तर चार महिन्यांचे शुल्क कसे धरले जाणार आहे ते त्याच वेळी ठरवून घ्यावे. एखाद्या शाळेच्या सभागृहात किंवा छप्पर असलेल्या जागेत मऊ चेंडूवर सराव चालू राहत असेल, तर ती जागाही जाऊन पाहून यावी.